एदोमाए सुशी: काउंटरवर काय मागवावे आणि कसे खावे

टोकियोत सुशी खायला निघालेल्या मराठी मित्रांना मी नेहमी एकच गोष्ट सांगत आलो आहे: तोरोची घाई करू नका, आधी कोहादा मागवा. तोरो म्हणजे ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग. तो उत्तम लागला तर त्याचे श्रेय बरेचसे माशाला आणि तो बाजारातून उचलणाऱ्याच्या ऐपतीला जाते. कोहादा हा मात्र वीतभरही लांबी नसलेला, बारीक काट्यांचा, चंदेरी कातडीचा साधा मासा आहे, आणि मीठ व व्हिनेगर यांच्या मापात कारागिराचा हात किंचित चुकला तरी तो खारट तरी होतो किंवा वशट तरी लागतो. दुकान कोणत्या तोलामोलाचे आहे हे या एका घासात कळते, असे जपानी खवय्येही मानतात.

सुशी म्हणजे भातावर ठेवलेला ताज्या कच्च्या मासळीचा तुकडा, अशी आपल्याकडे समजूत आहे. टोकियोच्या पारंपरिक सुशीपुरते बोलायचे तर ही समजूत अर्धीच खरी आहे. एदो हे टोकियोचे 1868 पूर्वीचे नाव, आणि ‘एदोमाए’ म्हणजे एदोच्या पुढ्यातले, अर्थात शहरासमोरच्या खाडीतले. भाताचा लहानसा मुटका हाताने दाबून त्यावर मासळी ठेवण्याची ‘निगिरी’ ही पद्धत 1820 च्या दशकात या शहरात रूढ झाली आणि तिचे श्रेय हानाया योहेई या कारागिराला दिले जाते. त्याआधीची सुशी वेगळी होती: मासे मिठात आणि भातात महिनोन्महिने दाबून आंबवायचे, आणि पुष्कळदा तो आंबलेला भात टाकून द्यायचा. शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी मिळणारी ‘फुनाझुशी’ आजही त्याच जुन्या रीतीने होते. एदोतल्या लोकांना इतकी वाट पाहायला सवड नव्हती. आंबवण्याची आंबट चव भातात व्हिनेगर घालून आणली गेली, आणि हातगाडीवर उभ्याउभ्या खाता येईल असा पदार्थ तयार झाला.

त्या काळी शहरात बर्फ सहज मिळत नव्हता. त्यामुळे प्रत्येक मासळी टिकावी म्हणून तिच्यावर काही ना काही संस्कार करावाच लागे: कुणाला मीठ आणि व्हिनेगर, कुणाला सोया सॉसची मुरवण, कुणाला उकळी, कुणाला समुद्रवनस्पतीच्या पानांत गुंडाळून ठेवणे. या संस्काराला सुशीच्या धंद्यात ‘शिगोतो’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘काम’. पावसाळ्याच्या बेगमीसाठी बांगडे खारवणाऱ्या कोकणातल्या घरांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फ्रीज आल्यावर शिगोतोची निकड संपली, पण त्यातून आलेली चव कुणाला सोडवली नाही. म्हणून एदोमाए दुकानात काय मागवावे याचे माझे उत्तर असे आहे की, जिथे हाताचे काम दिसते तेच आधी मागवावे.

जाण्याआधी

मागवण्याच्या तीन रीती आहेत आणि त्या माहीत असल्या की निम्मी धास्ती कमी होते. ‘ओकिमारी’ म्हणजे ठरलेल्या निगिरींचा संच. यात बहुधा ‘नामी’, ‘जो’ आणि ‘तोकुजो’ अशा चढत्या किमतीच्या पायऱ्या असतात. ‘ओकोनोमी’ म्हणजे आपल्या आवडीप्रमाणे एकेक नग मागवत जाणे. ‘ओमाकासे’ म्हणजे निवड कारागिरावर सोपवणे. त्या दिवशीच्या बाजारात जे उत्तम मिळाले असेल ते तो आपल्या क्रमाने पुढे ठेवत जातो. पहिल्या खेपेला दुपारच्या जेवणाची ओकिमारी निवडावी. साध्या वस्तीतल्या दुकानात ती दोन-चार हजार येनमध्ये होते आणि काउंटरची रीतही अंगवळणी पडते. गिन्झा भागातल्या नामांकित दुकानांतली रात्रीची ओमाकासे वीस हजार येनच्या पुढे सहज जाते, आणि तिचा खरा आनंद पदार्थ ओळखता येऊ लागल्यावरच मिळतो.

आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि राखलेली जागा ऐनवेळी सोडणे हा तिथे मोठा अपमान समजला जातो, कारण तितक्याच माणसांच्या हिशेबाने मासळी आणलेली असते. काही चालत नसेल, म्हणजे कवचवाले मासे सोसत नसतील, मद्य वर्ज्य असेल किंवा गव्हाची ॲलर्जी असेल, तर ते जागा राखतानाच सांगावे. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो आणि पदार्थ शिजवताना साके (तांदळाचे मद्य) किंवा मिरिन (स्वयंपाकात वापरायचे गोड मद्य) सर्रास वापरतात. गरोदर स्त्रियांनी कच्च्या मासळीबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. अत्तर लावून जाऊ नये. लहान दुकानात भाताचा, व्हिनेगरचा आणि काउंटरच्या हिनोकी लाकडाचा मंद वास असतो, आणि अत्तराने तो शेजाऱ्यासाठीही बिघडतो.

भाताकडे आधी लक्ष द्यावे

सुशीत भाताला ‘शारी’ म्हणतात. बुद्धाच्या अस्थिधातूंनाही जपानीत हाच शब्द आहे आणि तो संस्कृत ‘शरीर’ या शब्दापासून चीनमार्गे जपानात पोहोचला; पांढरी शिते त्या अस्थिकणांसारखी दिसतात म्हणून भातालाही तेच नाव मिळाले, असे सांगितले जाते. आपल्या भाषेतला रोजचा शब्द इतका फिरून ताटात भेटतो याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

हा भात किंचित कडक शिजवतात. नंतर तो ‘हांगिरी’ नावाच्या उथळ लाकडी पात्रात उपसून, त्यावर व्हिनेगर, मीठ आणि असल्यास साखर यांचे मिश्रण ओततात. लाकडी उलथन्याने कापल्यासारखे हात मारत ते भातात मिसळतात, म्हणजे शीत मोडत नाही. पुलाव परातीत मोकळा करताना आपण जी काळजी घेतो तीच ही. जुन्या वळणाची दुकाने ‘आकाझू’ हे तांबूस व्हिनेगर वापरतात. ते साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून करतात. आजच्या आइची प्रांतातल्या हांदा गावी नाकानो माताझाएमोन यांनी 1804 साली चोथ्याच्या व्हिनेगरचा जो उद्योग सुरू केला, तिथले व्हिनेगर एदोच्या सुशीवाल्यांकडे जाऊ लागले आणि साखरेविनाच त्या भाताला गोडसर, खमंग चव आली. तेव्हा भात फिकट तपकिरी दिसला तर तो शिळा नाही, तर त्यात आकाझू आहे, असे समजावे.

चांगला शारी अंगाइतका कोमट असतो. थंडगार भातावर थंडगार मासा ठेवलेला असेल तर त्या दुकानाकडून फार अपेक्षा ठेवू नये. मुटका बाहेरून आकार धरून असतो, पण आतली शिते सैल असतात, त्यामुळे जिभेवर तो आपोआप सुटतो. उत्तम कारागिराने ठेवलेली निगिरी काउंटरवर टेकल्यावर केसभर खाली बसते. नीट पाहिले तर हे डोळ्यांना दिसते.

आजच्या निगिरीचा भात साधारण पंधरा-वीस ग्रॅमचा असतो, तर एदोकाळातली निगिरी याच्या दुप्पट-तिप्पट मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धान्यटंचाईत, 1947 साली, खाद्यगृहांवर बंदी आली, तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी अशी तोड काढली की गिऱ्हाइकाने स्वतःचे एक ‘गो’, म्हणजे 180 मिलिलिटरच्या मापाचे, तांदूळ आणावे आणि मजुरी देऊन त्याच्या बदल्यात दहा नग घेऊन जावेत. दुकाने तगली आणि एका माणसाला दहा नग हे माप रूढ झाले. आजही ओकिमारीच्या संचात साधारण तेवढेच नग असतात.

उचलावे कसे

निगिरी हाताने खाणे पूर्णपणे रीतीला धरून आहे, आणि मराठी माणसाने तर तिथे चॉपस्टिक शोधूच नयेत. जेवणाआधी दिलेल्या ओल्या रुमालाने बोटे पुसावीत, निगिरी अंगठा आणि दोन बोटांत अलगद धरावी, थोडी कलती करावी आणि मासळीची कड सोया सॉसला टेकवावी. भात बुडवू नये. तो सॉस शोषून घेतो, विस्कटतो आणि मग मिठाशिवाय काही लागत नाही. अनेक दुकानांत कारागीरच ‘निकिरी’, म्हणजे साके किंवा मिरिन घालून उकळलेला सोया, ब्रशने लावून देतो. मासळीवर तशी चमक दिसली तर सॉसच्या वाटीकडे जाऊच नये. वासाबी, म्हणजे हिरवी झणझणीत चटणी, हीही बहुधा भात आणि मासळी यांच्यामध्ये आधीच लावलेली असते, म्हणून ती सॉसमध्ये कालवण्याचे कारण नाही. तिखट नको असल्यास ‘साबी-नुकी दे’ असे सांगावे. भात कमी हवा असेल तर ‘शारी सुकुनामे दे’.

निगिरी एका घासात खायची असते आणि समोर आल्यावर लगेच खायची असते. हा दुसरा नियम मला एका लहानशा दुकानात बोलण्याविनाच शिकवला गेला. नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या, पट्टीत बांधलेली उनीची (एका काटेरी समुद्री जीवाच्या गराची) निगिरी माझ्यापुढे आली आणि मी तिचे छायाचित्र नीट यावे म्हणून दोन-तीन मिनिटे घालवली. वयस्कर कारागिराने काही न बोलता ती उचलून बाजूला केली, नवी बांधली, पुढे ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी ती तत्काळ तोंडात टाकली. नोरी पापडासारखी कुरकुरली आणि त्याच क्षणी आतले उनी विरघळले. दोन मिनिटांपूर्वीची पट्टी वाफेने मऊ झालेली असणार, आणि तो कुरकुरीतपणा मला कळलाही नसता.

आल्याच्या गोडसर लोणच्याच्या पातळ चकत्यांना ‘गारी’ म्हणतात. त्या दोन निगिरींच्या मध्ये खायच्या, निगिरीवर ठेवून खायच्या नाहीत. आधीच्या मासळीची चव जिभेवरून पुसणे एवढेच त्यांचे काम आहे.

कोहादाचा घास

क्रम साधारणपणे हलक्या चवीकडून भारी चवीकडे असतो. सुरुवात ‘शिरोमी’, म्हणजे पांढऱ्या मांसाच्या मासळीने करावी. ‘हिरामे’ हा आपल्याकडच्या लेप्यासारखा चपटा मासा हिवाळ्यात सर्वांत चांगला असतो. तो कोम्बू या समुद्रवनस्पतीच्या पानांत काही तास दाबून ठेवला असेल, तर त्याला ‘कोबुजिमे’ म्हणतात; पानातला रस माशात उतरतो, माशातले पाणी पानात जाते आणि मांस काचेसारखे पारदर्शक, किंचित चिवट होते. ही चव इतकी हळू उलगडते की भारी काही खाल्ल्यानंतर ती जाणवतच नाही.

त्यानंतर कोहादा. हा वाढीनुसार नाव बदलणारा मासा आहे: अगदी पिल्लू असताना ‘शिंको’, मग ‘कोहादा’, मग ‘नाकाझुमी’ आणि पूर्ण वाढल्यावर ‘कोनोशिरो’. बहुतेक मासे मोठे होतील तसे महाग होतात, याचे मात्र उलटे आहे. ऐन उन्हाळ्यात येणारे पहिले शिंको सोन्याच्या भावाने विकले जातात, आणि ते इतके चिमुकले असतात की एका निगिरीवर दोन, तीन किंवा त्याहून जास्त मासे एकाशेजारी एक मांडावे लागतात.

तयारीचे काम सकाळीच चालते. खवले काढायचे, डोके छाटायचे, मासा पुस्तकासारखा उघडून कणा काढायचा आणि बांबूच्या चाळणीवर ओळीने मांडून मीठ भुरभुरायचे. किती वेळ ठेवायचे याचे उत्तर घड्याळात नसते. माशाचा आकार, त्याच्या अंगातली चरबी, त्या दिवशीची हवा या सगळ्यांवर ते ठरते आणि कारागीर अंगठ्याने मांस दाबून ते ओळखतो. मग पाण्याने मीठ धुवायचे, एकदा व्हिनेगरमधून खळबळून काढायचे, नंतर पुन्हा व्हिनेगरमध्ये मुरवायचे, निथळायचे आणि आंबटपणा आतपर्यंत सारखा पसरावा म्हणून एक-दोन दिवस किंवा त्याहून अधिक विसावू द्यायचे. आज खाल्लेला कोहादा आज पकडलेला नसतो आणि तो तसा नसण्यातच त्याची चव आहे.

समोर आल्यावर क्षणभर त्याच्याकडे पाहावे. निळसर चंदेरी कातडीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, कारागिराने कातडीवर सुरीने बारीक चिरा दिलेल्या असतात, आणि कधी कधी शेपटीकडचा भाग पिळून वेणीसारखा वळवलेला असतो. घास घेतल्यावर आधी व्हिनेगर लागते, मग मीठ, आणि चावून झाल्यावर शेवटी माशाची स्वतःची चरबी जिभेवर येते. या तिन्ही चवी एकामागून एक आल्या आणि भाताच्या आंबटपणाशी त्यांचे भांडण झाले नाही, तर ते दुकान चांगले आहे. पुढचे काहीही निश्चिंतपणे मागवावे.

चंदेरी कातडीच्या या साऱ्या घराण्याला ‘हिकारीमोनो’, म्हणजे चमकणारे, म्हणतात. बांगड्याच्या कुळातला ‘साबा’ आणि तारलीच्या कुळातली ‘इवाशी’ त्यातच येतात; मासे खाणाऱ्या कोकणी आणि गोव्याच्या माणसाला हे दोन्ही पहिल्या घासापासून ओळखीचे वाटतात. साबामध्ये अनिसाकिस नावाचा बारीक कृमी आढळू शकतो. मीठ-व्हिनेगरने तो मरत नाही. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवल्यास मरतो. म्हणून घरी बाजारातला मासा आणून हा प्रयोग करू नये.

मागुरो

ट्यूनाला जपानीत ‘मागुरो’ आणि त्यातल्या सर्वश्रेष्ठ जातीला ‘होन-मागुरो’ म्हणतात. उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातल्या ओमा गावचा मागुरो विशेष प्रसिद्ध आहे. टोकियोचा घाऊक मासळीबाजार 1935 पासून त्सुकिजीत होता, तो ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला, आणि तिथल्या जानेवारी 2019 च्या नववर्षाच्या पहिल्याच लिलावात 278 किलोचा एक मागुरो 33 कोटी 36 लाख येनला गेला. हा भाव मानाच्या पहिल्या बोलीचा असतो, रोजच्या व्यवहाराचा नव्हे.

पाठीकडचा लालभडक भाग तो ‘अकामी’, मधला गुलाबी ‘चुतोरो’ आणि पोटाकडचा, पांढऱ्या रेषांचा ‘ओतोरो’. एदोकाळात या चरबीला किंमत नव्हती. ती लवकर खराब होई, आणि तो भाग चक्क फेकून दिला जाई. गोठवण्याच्या सोयी आल्यावर आणि लोकांची जीभ स्निग्ध पदार्थांना सरावल्यावर विसाव्या शतकात तोरोचे दिवस पालटले. एदोमाएच्या दृष्टीने खरा पदार्थ ‘झुके’ हा आहे: अकामी सोया सॉसच्या मिश्रणात काही वेळ मुरवतात, मग त्याचा रंग माणकासारखा गडद होतो आणि पोत जरा मलईदार. आधी झुके, मग चुतोरो आणि इच्छा असेल तर एकच ओतोरो, असे मागवावे. ओतोरोचे तीन-चार नग सलग खाल्ले की तोंडात तेलकटपणा साचतो आणि पुढचे सगळे फिके लागते.

शिजवलेले घास आणि नोरीत बांधलेले

कच्च्या मासळीला मन धजत नसेल, तर एदोमाए दुकानात शिजवलेले पदार्थ पुष्कळ आहेत आणि ते दुय्यम मुळीच नाहीत. ‘कुरुमा-एबी’ ही पट्ट्यांची मोठी कोळंबी काडीला टोचून उकडतात, म्हणजे ती वाकडी होत नाही; चांगल्या दुकानात ती फ्रीजमधून येत नाही, नुकतीच उकडून कोमट असतानाच भातावर बसते. ‘हामागुरी’ या मोठ्या शिंपल्याचे मांस अलगद शिजवून त्याच्याच गोडसर रसात मुरवतात.

या गटाचा राजा मात्र ‘आनागो’. ही समुद्रातली वाम. गोड्या पाण्यातली ‘उनागी’ वेगळी. ती भाजून भातावर वाढणारी दुकाने स्वतंत्र असतात. आनागोची बुळबुळीत कातडी खरवडून स्वच्छ करतात, ती उभी उघडतात आणि सोया, साके, साखर यांच्या मंद आचेवरच्या रसात शिजवतात. उरलेला रस आटवून काकवीसारखा दाट झाला की त्याला ‘त्सुमे’ म्हणतात. निगिरी बांधण्याआधी काही कारागीर आनागोचा तुकडा जरासा शेकतात, त्यामुळे कडा खमंग होतात आणि मधले मांस साईसारखे मऊ राहते. मग वरून त्सुमेचा एक हात फिरवतात. हिला सोया सॉस कधीच लावू नये. तोंडात घातल्यावर दातांना करायला जवळजवळ काही उरतच नाही. मासे न आवडणाऱ्या माझ्या एका परिचिताने मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्लेला सुशीचा हा एकमेव नग होता.

‘गुंकान’ म्हणजे लढाऊ जहाज. भाताभोवती नोरीची उभी पट्टी बांधून वर जे सांडण्यासारखे असते ते भरायचे, अशी ही रीत 1941 साली गिन्झातल्या क्यूबेई या दुकानात निघाली. सॅमनच्या केशरी गाबोळीला ‘इकुरा’ म्हणतात. तिचे मोती दाताखाली फुटतात. ‘उनी’ म्हणजे सागरी साळिंदर, आणि आपण खातो तो त्याच्या प्रजननग्रंथींचा पिवळसर गर. होक्काइदोचा उनी सर्वांत नावाजलेला आहे. त्याला कडवट किंवा औषधी वास येत असेल तर तो ताजा राहिलेला नाही किंवा टिकवण्यासाठी त्यात तुरटी वापरलेली आहे. चांगल्या उनीला समुद्राची खार आणि दुधाच्या सायीचा गोडवा एकाच वेळी असतो.

सॅमनचे तांबूस काप अनेकांना सुशीची ओळख वाटतात, पण जुन्या धाटणीच्या दुकानात ते बहुधा मिळत नाहीत आणि त्यात कमीपणा नाही. जपानच्या किनाऱ्यावरचा सॅमन कृमींच्या भयाने कच्चा खाल्ला जात नसे. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला संवर्धित सॅमन जपानी बाजारात नेटाने उतरवला तेव्हा तो सुशीत आला. तो खायचा असेल तर सरकत्या पट्ट्याच्या दुकानात, म्हणजे ‘काइतेन-झुशी’त जावे. योशिआकी शिराइशी यांनी 1958 साली हिगाशी-ओसाकात सुरू केलेली ही पद्धत मुलाबाळांसह जाणाऱ्यांना आणि बेताच्या खर्चात भूक भागवणाऱ्यांना फार सोयीची आहे.

शाकाहारी माणसाने काय मागवावे

टोकियोच्या निशी-कसाई भागात बरीच भारतीय कुटुंबे राहतात, आणि पाहुणे आले की घरातल्या शाकाहारी माणसाचे सुशीच्या दुकानात काय करायचे, हा प्रश्न तिथल्या मराठी घरांतही निघतोच. त्याचे उत्तम उत्तर आपल्या ओळखीच्या भाजीत आहे. ‘कानप्यो’ म्हणजे दुधी भोपळ्याच्याच जातीच्या गोल फळाच्या लांबच लांब सोललेल्या आणि उन्हात वाळवलेल्या फिती. जपानात त्यांचे बहुतेक सारे उत्पादन तोचिगी प्रांतात होते. त्या भिजवून, मिठाने चोळून, उकडून सोया आणि साखरेत शिजवतात, आणि नोरीत भातासह गुंडाळून ‘कानप्यो-माकी’ करतात. जुन्या एदोमाए दुकानात नुसते ‘नोरीमाकी’ म्हटले तर हीच गुंडाळी पुढे येते. काकडीच्या किंवा ट्यूनाच्या गुंडाळीचे सहा तुकडे करतात, हिचे मात्र चारच. आत थोडी वासाबी घालून मागितली तर गोडाला धार येते. मांसाहारी लोकही जेवणाच्या शेवटी ही मागवतात आणि कारागिराचा भाजीवरचा हात तपासतात.

काकडीची ‘काप्पा-माकी’, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याची ‘शिंको-माकी’ (नाव माशाच्या पिल्लासारखेच, पण पदार्थ निराळा), खारवलेले आंबट उमे फळ आणि शिसो या सुगंधी पानाची गुंडाळी, आंबवलेल्या सोयाबीनची ‘नात्तो-माकी’ हेही पर्याय आहेत. टोफूच्या तळलेल्या पिशवीत भात भरलेली ‘इनारी’ दिसायला निर्दोष असते, पण ती पिशवी पुष्कळदा ‘दाशी’त शिजवतात आणि दाशीत वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. कानप्योबाबतही हे विचारून घ्यावे. ‘दाशी वा हाइत्ते इमासु का?’, म्हणजे ‘यात दाशी आहे का?’, एवढे वाक्य पाठ करून जावे. केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्याने समोरच्याला दाशीची आठवण होतेच असे नाही.

अंडे, चहा आणि बिल

शेवट ‘तामागो’ने होतो. हे आपले आम्लेट नव्हे. जुन्या पद्धतीत अंड्यात लहान कोळंबीची किंवा पांढऱ्या मासळीची वाटलेली पेस्ट, किसलेला यामाइमो कंद आणि साखर घालतात आणि चौकोनी तांब्याच्या तव्यावर मंद आचेवर बराच वेळ भाजतात. कापल्यावर तुकडा स्पंज केकसारखा दिसतो. म्हणजे शाकाहारात अंडे चालणाऱ्यांनीही हा पदार्थ विचारूनच घ्यावा. काही कारागीर त्याला मधोमध चीर देऊन, घोड्यावर खोगीर टाकावे तसा भातावर बसवतात. अनेक दुकाने आता तामागो बाहेरून विकत घेतात. स्वतःचा तामागो करणारे दुकान सापडले तर त्याचे कौतुक करून यावे, कारण इतके कष्ट या स्वस्त नगाच्या किमतीतून भरून निघत नाहीत.

गरम हिरवा चहा येतो. त्याला दुकानवाले ‘आगारी’, सोया सॉसला ‘मुरासाकी’ आणि बिलाला ‘ओआइसो’ म्हणतात. हे काउंटरपलीकडच्या माणसांचे शब्द आहेत. गिऱ्हाइकाने साधे ‘ओचा’, ‘शोयु’ आणि ‘ओकाइकेई ओनेगाइशिमासु’ म्हणावे, तेच सभ्य दिसते. टीप ठेवण्याची पद्धत नाही. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हटले की पुरते. ओमाकासे संपल्यावर आणखी काही हवे का, असे कारागीर बहुधा विचारतो, आणि त्या वेळी जे सर्वांत आवडले असेल ते एकदा पुन्हा मागता येते. मी कोहादा मागतो.